ज्याला बाधा होते त्यालाच कळत नाही, म्हणून घरात अलार्मचा नियम हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, घराघरात कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे जळण अर्धवट जळलं की तयार होणाऱ्या विषारी गॅसचा, अलार्म बंधनकारक करावा या मागणीवर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लोकांना जागरूक करा, समजावून सांगा, पण कुणाच्या घरात कोणतं यंत्र हवं हे नगरपालिकेने ठरवू नये, ज्याला आपल्या जिवाची काळजी आहे तो आपणहून लावेल. पत्र मनापासून लिहिलेलं होतं आणि एरवी मी पण उठसूट नियम करा म्हणणाऱ्यातली नाहीये. पण या एका बाबतीत मला त्यांचं अजिबात पटलं नाही आणि का पटलं नाही ते सांगायचं तर मला माझ्या ताईचं सांगावं लागेल.

ताई तेव्हा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. बाथरूममध्ये गॅसचा गीझर, ती राहायला गेली त्याच्या आधीपासून भिंतीवर लावलेला, वरती हातभर खिडकी, ती थंडीत बंदच असायची कारण उघडली की गार वारा थेट अंगावर. त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि ताईचं सकाळी डोकं दुखायला लागलं. आंघोळ करून बाहेर आली की दुखायचं, ऑफिसला जाऊन तास-दोन तास झाले की आपोआप थांबायचं. ज्या दिवशी केस धुवायची, म्हणजे आत जास्त वेळ असायची, त्या दिवशी जास्त दुखायचं आणि मळमळायचं पण. आता हे असं ओळीने लिहिलं की कुणालाही लक्षात येईल, पण तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोळ्याचा नंबर वाढला असेल म्हणून तिने नवीन चष्मा करून आणला. पित्त असेल म्हणून सकाळचा चहा बंद केला.

मग एका सकाळी भावजींना बाथरूममधून बादली भरून वाहण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ झाला तरी नळ बंद होईना. हाक मारली, दार वाजवलं, उत्तर नाही. शेवटी खांदा मारून कडी तोडली. ताई भिंतीला टेकून खाली बसलेली, मान एका बाजूला पडलेली, पाणी पायावरून वाहतंय आणि गीझर चालूच. भावजी म्हणतात ज्योत निळी नव्हती, पिवळी होती, हे त्यांच्या अजून डोळ्यासमोर आहे. उचलून गॅलरीत आणली तेव्हा पाच-सात मिनिटांनी तिने डोळे उघडले.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं क्लिप लावलं, आकडा आला 98. ऑक्सिजन उत्तम आहे, बीपी लो झालं असेल, उपाशीपोटी गरम पाण्याने होतं असं, घरी जाऊन आराम करा. आम्ही पण सुटलो म्हणून घरी आलो. दुपारी तिला उलट्या व्हायला लागल्या आणि ती एकच प्रश्न परत परत विचारायला लागली, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलला नेलं आणि तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी सगळं ऐकून फक्त एवढंच विचारलं, गीझर गॅसचा आहे का? मग रक्त तपासलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि तो कितीतरी तास काढला नाही. ताई वाचली. पुढचे दोन महिने ती गोष्टी विसरायची, अर्धं वाक्य बोलून थांबायची, आता बरी आहे.

तो 98 आकडा खोटा का होता ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं आणि मला वाटतं हे प्रत्येकाला माहीत पाहिजे. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे हवेत हा गॅस थोडासाच असला तरी तो रक्तातल्या जागा अडवून बसतो आणि ऑक्सिजनला चढायलाच मिळत नाही. बोटाचं क्लिप प्रकाशावरून मोजतं आणि साध्या क्लिपला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा गॅस चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, त्यामुळे माणूस आतून गुदमरत असला तरी आकडा चांगलाच दिसतो. साध्या हवेत ठेवलं तर हा गॅस रक्तातून अर्धा व्हायलाच चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात होतो, म्हणून तो मास्क. लहान मुलांचा श्वास जलद चालतो म्हणून त्यांना लवकर चढतो आणि पोटातल्या बाळाला तर सगळ्यात जास्त धोका.

आता माझा मुद्दा. ताईला मी नंतर विचारलं की तुला काहीच कसं कळलं नाही, दार तर हाताच्या अंतरावर होतं. ती म्हणाली, मला उठायचं होतं पण पाय ऐकत नव्हते आणि भीतीसुद्धा वाटली नाही गं, नुसती झोप येत होती. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आगीत माणूस पळतो कारण धूर डोळ्यात जातो, चटका बसतो. विजेचा झटका बसला की तो लगेच जाणवतो. स्वयंपाकाचा गॅस लीक झाला तर वास येतो, तो वास सुद्धा मुद्दाम घातलेला असतो, त्या गॅसला स्वतःचा वास नसतोच. पण जळण अर्धवट जळलं की जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला ना रंग, ना वास, ना चव, तो घरातच तयार होतो मग त्यात वास घालणार कोण? वरून तो आधी हल्ला करतो तो आपल्या मेंदूवर, म्हणजे ज्या अवयवाने धोका ओळखायचा तोच सगळ्यात आधी मंद होतो.

म्हणून ज्याला काळजी आहे तो लावेल हे मला मान्य नाही. माझी ताई रात्री झोपताना रेग्युलेटर बंद केला की नाही हे दोनदा उठून बघणारी बाई आहे. तिच्याइतकी काळजी करणारं माणूस मी पाहिलं नाही. काळजी होती, पण जी गोष्ट दिसत नाही, हुंगता येत नाही, जिच्यामुळे दुखणारं डोकं चष्म्याच्या नंबरासारखं वाटतं, तिची काळजी करायची हे सुचणार कसं? आणि भाड्याचं घर असलं की अजून एक गोष्ट, गीझर मालकाचा, भिंत मालकाची, खिडकी मालकाची आणि श्वास भाडेकरूचा. ताईच्या मालकांना आम्ही सांगितलं तेव्हा ते म्हणाले, गीझर तर चालू आहे ना, पाणी गरम येतंय ना. माणूस वाईट नव्हता तो. त्याला पण माहीतच नव्हतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून न्यायचे, स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ते सुचवलं होतं, कारण त्या इवल्याशा पक्ष्याचा श्वास इतका जलद चालतो की माणसाच्या कितीतरी आधी तो मान टाकतो. ब्रिटनच्या खाणींमध्ये 1986 पर्यंत ही पद्धत होती. हा गॅस आपल्याला ओळखता येत नाही हे तेव्हाच मान्य केलं होतं लोकांनी आणि पक्षी न्यायचा का नाही हे एकेका मजुराच्या मर्जीवर सोडलं नव्हतं. घरातल्या माणसासाठी मात्र आपण अजून समजावून सांगू एवढंच म्हणतोय.

जिथे नियम झाले तिथे ते कसे झाले हे पण बघा. अमेरिकेत शिकागो शहराने 1994 च्या ऑक्टोबरपासून घरात असे अलार्म सक्तीचे केले, मोठ्या शहरांमध्ये ते पहिल्यांपैकी होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये 2005 च्या जानेवारीत बर्फाच्या वादळात एका घराबाहेर हीटरचा धूर बाहेर सोडणारी नळी बर्फाने बुजली आणि आतली सात वर्षांची मुलगी गेली, त्या निकोलच्या नावाने तिथला कायदा ओळखला जातो, 2006 च्या मार्च अखेरीस तो लागू झाला. न्यूयॉर्क राज्यात 2009 मध्ये एक 16 वर्षांची मुलगी मैत्रिणीकडे रात्री राहायला गेली आणि तिथल्या बिघडलेल्या बॉयलरमुळे सकाळी उठलीच नाही, तिच्या नावाचा अमांडाचा कायदा 2010 मध्ये आला. कॅनडात ओंटारिओचा कायदा पण एका अख्ख्या कुटुंबाच्या मृत्यूनंतर आला. यातल्या दोन कायद्यांना तर कुणाच्या तरी लेकराचंच नाव आहे. आपल्याकडे नियम व्हायला अशा एका नावाची वाट बघायची का, एवढंच मला त्या वाचकांना विचारायचंय.

इंग्लंडचा नियम मला जास्त शिकण्यासारखा वाटतो कारण तो चुकत सुधारत गेलाय. 2015 मध्ये त्यांनी भाड्याच्या घरांसाठी नियम केला पण फक्त ज्या खोलीत लाकूड-कोळशासारखं घन इंधन जळतं तिथेच अलार्म सांगितला, गॅसचा बॉयलर सुटला. मग 1 ऑक्टोबर 2022 पासून गॅस आणि तेलावर चालणारी बसवलेली उपकरणंही त्यात घेतली, स्वयंपाकाची शेगडी तेवढी वगळली आणि अलार्म बिघडलाय असं भाडेकरूने कळवलं तर तो दुरुस्त करणं किंवा बदलणं हे मालकाचं काम ठरवलं, नाही केलं तर 5,000 पौंडांपर्यंत दंड. स्कॉटलंड त्याच वर्षी फेब्रुवारीत एक पाऊल पुढे गेलं, तिथे मालक स्वतः राहत असला तरी अलार्म लागतो. आणि न्यूयॉर्क शहराने 2004 मध्येच मालक-भाडेकरू वाद मिटवला होता, मालकाने बसवायचा, भाडेकरूने एका अलार्ममागे 25 डॉलर मालकाला द्यायचे आणि सांभाळायचा. हे असं कोण काय करणार हे लिहून ठेवलं की भांडण राहत नाही. नुसतं अलार्म असावा असं लिहिलं की मालक भाडेकरूकडे बोट दाखवणार आणि भाडेकरू मालकाकडे, भिंत रिकामी ती रिकामीच.

त्यामुळे आपल्याकडे नियम करताना फक्त नवीन बांधकामाला लावून मोकळं होऊ नका ही माझी कळकळीची विनंती आहे. नवीन इमारतीत वायुवीजन त्यातल्या त्यात बरं असतं, धोका जुन्या घरात आहे, जिथे बाथरूम लहान आणि गीझर म्हातारा आणि बाहेर जाणारी नळी कधी बसवलीच नाही किंवा कबुतराच्या घरट्याने बुजलीये. ज्या घरात काहीही जाळलं जातं, गॅस गीझर, कोळशाची शेगडी, रॉकेलचा हीटर, किंवा घराला चिकटून गॅरेज आहे, जनरेटर आहे, त्या सगळ्यांना नियम लागू पाहिजे. आणि भाडेकरार करतानाच अलार्म चालू आहे हे दोघांनी बटण दाबून बघितलं पाहिजे, मीटर रीडिंग लिहून घेतो तसं.

अलार्मबद्दल पण लोकांच्या डोक्यात गोंधळ आहे तो सांगते. धुराचा अलार्म हे काम करत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा लीक डिटेक्टर पण करत नाही, तो वेगळा गॅस आणि सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो म्हणून त्याचा डिटेक्टर खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचितच हलका, हवेत सगळीकडे मिसळतो, त्यामुळे याची जागा उत्पादकाने पत्रकात दिली असेल तशी, आणि झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल अशी. खरेदी करताना खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड असं लिहिलंय का ते वाचा. आतला सेन्सर कायमचा नसतो, मॉडेलप्रमाणे पाच, सात, दहा वर्षांत संपतो, मागे तारीख असते. बॅटरी बदलली म्हणजे अलार्म नवा झाला असं होत नाही. म्हणून नियमात अलार्मच्या मुदतीचा उल्लेख नसेल तर दहा वर्षांनी आपल्याकडे भिंतीवर नुसत्या पांढऱ्या डब्या राहतील.

एक आक्षेप मी स्वतःच घेते कारण तो खरा आहे. बऱ्याच अलार्मच्या पत्रकात लिहिलेलं असतं की वाफेच्या जागी, म्हणजे बाथरूममध्ये लावू नका. मग ताईसारख्या बंद बाथरूममध्ये बाहेरच्या पॅसेजमधला अलार्म वेळेत वाजेल याची खात्री नाही. बरोबर आहे. म्हणून अलार्मचा नियम एकटा येऊन चालणार नाही, त्याच्या बरोबरीने ज्या गीझरचा धूर आतच सुटतो तो बाथरूमच्या आत नको, बाहेर मोकळ्या हवेत लावा, आत पाण्याची फक्त पाईप येऊ दे, हे सक्तीने सांगितलं पाहिजे. वर्षातून एकदा गीझर जाणकार माणसाकडून साफ करून घेणं पण आलं. अलार्म हा हे सगळं करूनही चुकलं तर वाजणारा आहे, या सगळ्याच्या ऐवजी नाही. पण बऱ्याचदा लोक झोपेत असताना शेगडीने किंवा जनरेटरने घात होतो, तिथे तो अलार्मच माणसाला उठवतो, दुसरं कोण उठवणार?

खोटे अलार्म वाजतील आणि लोक काढून टाकतील असंही त्या पत्रात होतं. शिकागोत सुरुवातीला झालं होतं खरं तसं, 1994 च्या डिसेंबरमध्ये हवा कोंडलेली असताना हजारो अलार्म वाजले आणि अग्निशमन दल बेजार झालं, कारण तेव्हाचे अलार्म फार कमी पातळीला वाजायचे. त्यावर उपाय म्हणून नियम मागे घेतला गेला नाही, अलार्मचं मानकच सुधारलं गेलं. आताच्या युरोपियन मानकाचा अलार्म गॅस किती आणि किती वेळ दोन्ही बघतो, दहा लाखात 50 भाग असतील तर तो तास ते दीड तासाने वाजतो, 100 असतील तर 10 ते 40 मिनिटांत, 300 असतील तर तीन मिनिटांच्या आत. म्हणजे तो उगाच कुरकुरणारा नाही. वाजला तर खिडक्या उघडा, जळणारं सगळं बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, आणि बाहेरून मदतीला फोन करा. खोटा वाजला असेल म्हणून बॅटरी काढून परत झोपायचं नाही.

संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणी आहे. थंडी सुरू व्हायच्या आधी पहिल्या पानावर एक चौकट छापा, त्यात एवढंच असू दे, घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय, ताप नाही आणि घराबाहेर पडल्यावर बरं वाटतंय, तर आधी गीझर नाहीतर शेगडी बंद करा आणि डॉक्टरांना जाऊन सांगा की आमच्याकडे घरात काय जळतं. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आम्हाला पहिल्या दवाखान्यात हे एक वाक्य बोलायचं सुचलं असतं तर ताईचे ते सहा तास वाचले असते.

नगरसेवकांना मी दोनदा अर्ज दिलाय, दोन्ही वेळा घेतला, वाचतो म्हणाले. तिसरा देणार आहे, या पत्राचं कात्रण जोडून.

ताई आता दुसरीकडे राहते. तिथे तिने स्वतःच अलार्म लावलाय, महिन्याच्या एक तारखेला बटण दाबते, चार वेळा टीं टीं होतं, शेजारची मुलं पण आता ओळखतात तो आवाज. मागच्या महिन्यात मी तिच्या जुन्या फ्लॅटवर मुद्दाम गेले होते. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं, एक पहिली-दुसरीतली मुलगी आहे त्यांना. मी दारातच सगळं सांगितलं. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आत बोलावलं, गीझर दाखवला, तोच होता. पाणी छान गरम येतं म्हणाल्या, मालकांशी बोलते म्हणाल्या. वरची खिडकी बंद होती, मी विचारून उघडली आणि स्टुलावरून खाली उतरले, तर ती मुलगी विचारत होती की गार वारा येतो तर उघडी का ठेवायची.

आपली नियमित वाचक